ठिपके, रेघा आणि पत्रिका

लग्नाच्या यादीत ज्याचं नाव राहून जातं तो माणूस ते जन्मभर लक्षात ठेवतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ज्याला एकाच लग्नाच्या तीन पत्रिका जातात तोही काही विसरत नाही, हे मला आमच्या थोरलीच्या लग्नात, म्हणजे २००९ साली, कळलं. धरमपेठेतले आमचे काका तिन्ही पत्रिका झब्ब्याच्या खिशात घालून कार्यालयात आले. त्या पत्त्यांसारख्या पिसून माझ्यासमोर धरल्या आणि म्हणाले, "बाळ, आम्ही दोघंच आलो आहोत. तिसऱ्याचं ताट डब्यात भरून दे."

आता मी काही गबाळा माणूस नाही. सिव्हिल लाइन्समधल्या एजी ऑफिसात ३४ वर्षं मी दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढण्यात घालवली आहेत. थोरलीच्या लग्नाची यादीसुद्धा मी त्याच शिस्तीनं केली होती. जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर, मधोमध उभी रेघ, डावीकडे एक माणूस आणि उजवीकडे त्याचा नातलग. ‘आई – तिची मावसबहीण’, ‘सौ. – तिचा मोठा भाऊ’, अशी एकेका नात्याची एकेक ओळ. मग वरून खाली बोट फिरवत जायचं आणि ओळीत जो सापडेल त्याच्या नावाचं पाकीट लिहायचं. काका तीन ओळींत सापडले. आईचे दीर म्हणून एकदा, सौ.च्या मामेबहिणीचे व्याही म्हणून एकदा, आणि ऑफिसातले माझे सीनियर म्हणून एकदा. नागपुरात माणूस एकाच बाजूनं नातलग असणं तसं अवघडच आहे.

गेल्या हिवाळ्यात धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा मी माळ्यावरून तेच रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि मोठ्या अभिमानानं तिच्यापुढे ठेवलं. धाकटी पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत असते. तिनं चार पानं उलटली आणि म्हणाली, "बाबा, तुमची चूक काय झाली सांगू? तुम्ही एजेसवर फिरलात. नोड्सवर फिरायला पाहिजे होतं."

माझं वय काढायचं काही कारण नव्हतं. मी तसं म्हणालोही. त्यावर तिनं कपाळाला हात लावला आणि कागद घेतला.

तिच्या कंपनीत ती नेमकं काय करते हे आम्हांला पाच वर्षं कळलेलं नव्हतं. ते त्या संध्याकाळी कळलं. कोणाचा कोणाशी संबंध आहे हे हुडकून काढणं, हे तिचं काम. त्याचे तिला दरमहा पगार देतात. आमच्या रामदासपेठेत हेच काम बायका गच्चीवर पापड वाळवताना आणि पुरुष पानठेल्यावर उभे राहून पिढ्यान्‌पिढ्या फुकट करत आले. असो.

तिनं सांगितलं ते असं. मेट्रोचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. स्टेशन म्हणजे नोड. दोन स्टेशनांमधला रूळ म्हणजे एज. अशा सगळ्या गोतावळ्याला ग्राफ म्हणायचं. आमच्या नागपूरच्या मेट्रोचा ग्राफ अगदी गरीब स्वभावाचा आहे. एक नारिंगी मार्ग, एक निळसर मार्ग, आणि दोघांची गाठ पडते ती बर्डीवर. बाकी प्रत्येक स्टेशनाला फार तर दोन शेजारी.

आई बाजूला सांबारवडीसाठी सांबार निवडत बसली होती. (पुण्यामुंबईच्या वाचकांनी घाबरू नये, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) आईचं वय एकोणनव्वद. तिनं मान वर न करता विचारलं, "म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच ना गं पोरी?"

"तेच, आजी!" धाकटी म्हणाली, "ठिपके आणि रेघा."

"मग सरळ तसं सांग ना. एवढं इंग्रजी कशाला झाडून राहिली?"

तेव्हापासून आमच्या घरात नोडला ठिपका आणि एजला रेघ म्हणतात, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे.

हे ठिपके-रेघांचं काम करायला एक लायब्ररी असते. लायब्ररी म्हटल्यावर मी स्वाभाविकच वर्गणी विचारली. तर ही पुस्तकांची नव्हे. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या हुकमांचा तो एक गठ्ठा असतो, आपण त्यातले हवे ते वापरायचे. हिचं नाव नेटवर्कएक्स. पायथन नावाच्या भाषेत लिहिलेली. अमेरिकेत लॉस अलामोसला, जिथं पहिला अणुबाँब तयार झाला त्याच प्रयोगशाळेत, हॅगबर्ग, शुल्ट आणि स्वार्ट अशा तिघांनी ती सुरू केली आणि २००५ साली सगळ्या जगाला मोफत देऊन टाकली. अणुबाँब आणि लग्नाची यादी एकाच ठिकाणाहून निघावी, याचं आमच्या सौ.ला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर नावं घालायला बसलो. धाकटी खाटेवर मांडी घालून, मांडीवर कॉम्प्युटर. आधी चालतंय की नाही हे बघायला तिनं ‘बाबा’ असा एक ठिपका टाकून पाहिला. चाललं. मग आईनं हुकूम सोडला की पहिलं नाव टेकडीच्या गणपतीचं. नागपुरातली पहिली पत्रिका टेकडीवर ठेवायची हा रिवाज आहे, तो कॉम्प्युटर आला म्हणून मोडत नाही. धाकटीनं मला पुसून गणपतीला वर घेतलं आणि मग पुन्हा मला टाकलं. या लायब्ररीत ठिपका ज्या क्रमानं आत जातो त्याच क्रमानं फेरीत बाहेर येतो, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. वशिला चालत नाही.

पुढचे दोन तास आई आणि सौ. नाती सांगत होत्या आणि धाकटी सांगतील तशी टाइप करत होती. अमक्याची तमकी, की टाक रेघ. या यंत्राची एक खोड आहे. रेघ टाकताना तुम्ही एखादं नवं नाव घेतलंत, तर ‘हे कोण?’ असं ते विचारत नाही. मुकाट्यानं नवा ठिपका जन्माला घालतं. त्यामुळे ‘बाळूकाका’ आणि ‘बाळू काका’, मधे एका बोटाची जागा सुटली एवढ्यावरून दोन वेगळे गृहस्थ झाले. मूळचे बाळूकाका एकटेच घराला पुरे आहेत. दुसरा निघाल्याचं ऐकून सौ. पाणी प्यायला उठली.

याच्या उलटही एक मासला झाला. आमच्या एका चुलतभावाची रेघ घाईघाईत त्याच्यापासून निघून त्याच्यापर्यंतच गेली. असं चालतं म्हणे. त्याला सेल्फ-लूप म्हणतात. मी ती दुरुस्त करू दिली नाही. त्या माणसाचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कोणाला जमलं नसतं.

खरी गंमत फेरी सुरू झाल्यावर झाली. धाकटीनं असं केलं होतं की यंत्रानं एकेक ठिपका काढायचा, नाव मोठ्यानं वाचायचं आणि आम्ही पत्रिका द्यायची की नाही ते सांगायचं. नाही म्हटलं की तो ठिपका तिथल्या तिथे पुसायचा. सहा-सात नावं बरी गेली. आठव्याला सौ. म्हणाली, "यांना काढ. मुंजीत आले नव्हते." धाकटीनं काढलं. आणि यंत्र थांबलं. पडद्यावर तांबड्या अक्षरात, ‘रनटाइम एरर : डिक्शनरी चेंज्ड साइज ड्यूरिंग इटरेशन’.

"शब्दकोश कुठून आला मधेच?" मी विचारलं.

"बाबा, यादीवर फेरी चालू असताना यादी बदलली. ते चालत नाही."

पुन्हा सुरू केलं. यावेळी आई म्हणाली, "थांब, यांच्या सुनेचं माहेर राहिलं, ते घाल." घातलं. पुन्हा तांबडी अक्षरं. काढलं तरी रुसतं, घातलं तरी रुसतं. असं व्याह्यासारखं वागणारं यंत्र मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पण विचार केल्यावर मला त्या यंत्राची बाजू पटली. पंगतीत वरण घेऊन निघालेल्या वाढप्याचा विचार करा. तो आपला एका टोकापासून ओळीनं निघालेला असतो. इतक्यात मधला एकजण हात धुवायला उठतो, दोघं पोरं कुठून तरी येऊन मधेच घुसतात, आणि एक आजी आपलं पान उचलून पंख्याखाली जाते. आता कोणाला वाढलं आणि कोण राहिलं, हे त्या वाढप्यानं कसं सांगावं? आमच्याकडचा वाढपी तरीही चालत राहतो, आणि शेवटी कोणीतरी कोरड्या भातावर बसून असतं. हे यंत्र तसं करत नाही. ते पातेलं खाली ठेवतं आणि म्हणतं, आधी तुमचं बसायचं ठरवा.

त्यावर उपाय सोपा निघाला. आधी सगळ्या नावांची एक नक्कल काढून घ्यायची, फेरी नकलेवर मारायची, आणि काढघाल मूळ यादीत करायची. पूर्वी म्हणे ही लायब्ररी आपणहूनच नक्कल हातात द्यायची. २०१७ मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हापासून ती नक्कल देत नाही, नुसती खिडकी उघडून देते. खिडकीतून जे दिसतं ते या क्षणी जसं आहे तसं. नक्कल करण्यातला वेळ वाचतो, जागा वाचते. पण खिडकीतून बघत बघत आतलं सामान हलवू नये, एवढं पथ्य. नक्कल काढण्यात माझी उभी नोकरी गेली. ती कॉम्प्युटरलाही लागते हे ऐकून मला त्या रात्री फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिशेब तपासायला बसलो. ऑडिटवाल्याला दुसऱ्यानं केलेली बेरीज बघवत नाही. प्रत्येक नावासमोर त्याला किती रेघा आहेत ते लिहिलं आणि खाली बेरीज मांडली. आली ७८०. यंत्र सांगत होतं, एकूण रेघा ३९०. बरोबर निम्म्या! मी विजयानं धाकटीला हाक मारली.

ती चहा घेत म्हणाली, "बाबा, रेघेला दोन टोकं असतात. तुम्ही दोन्ही टोकांकडून मोजलंत."

म्हणजे आमची डबल एंट्रीच की! एकाची जमा ती दुसऱ्याची नावे. ठिपक्या-ठिपक्यापाशी जाऊन त्याचे शेजारी विचारत फिरलं की प्रत्येक रेघ दोनदा भेटते, आणि थेट रेघांची यादी मागितली की एकदाच. ३४ वर्षं जी गोष्ट मी लोकांना समजावून सांगितली, ती मला नळावर दात घासता घासता मुलीनं सांगावी लागली.

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली ती मात्र मी कुठेही सांगायला तयार आहे. या ठिपके-रेघांच्या शास्त्राचा मूळपुरुष ऑयलर. कोनिग्सबर्ग गावात, जे आता रशियात आहे आणि ज्याला कालिनिनग्राद म्हणतात, प्रेगेल नदीवर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं गाव फिरता येईल का, असा लोकांचा वाद. १७३६ मध्ये ऑयलरनं दाखवून दिलं की नाही येणार, कारण तिथल्या चारही भूभागांना विषम संख्येनं पूल लागलेले आहेत. (आमच्याकडे नाग नदी आहे, तिच्यावर पूलही आहेत. पण प्रत्येक पुलावरून एकदाच जायचं असा विचार नागपुरी माणसाच्या मनात येणार नाही. कोणता पूल दुरुस्तीसाठी बंद आहे, एवढंच तो विचारतो.)

तर अशा या ऑयलरचं दुसरं एक अनुमान होतं, १७८२ सालचं, लॅटिन चौरसांविषयीचं. पावणेदोनशे वर्षं ते कोणाला खोटं ठरवता आलं नाही. १९५९ मध्ये तिघांनी मिळून ते मोडीत काढलं, आणि न्यूयॉर्क टाइम्सनं ती बातमी पहिल्या पानावर छापली. त्या तिघांत एक बोस, एक पार्कर आणि एक आमचे शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकलेले. एकशे दोन वर्षं जगून २०२० मध्ये गेले. त्यांच्या नावाचा एक ग्राफच आहे, श्रीखंडे ग्राफ. ठिपके सोळा, प्रत्येकाला रेघा सहा. सोळा सक शहाण्णव, त्याच्या निम्म्या अठ्ठेचाळीस रेघा. माझीच बेरीज, पण नीट केलेली. मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा आतून आईनं विचारलं, "श्रीखंड ठरलं का रे? मला वाटलं बासुंदी करून राहिले."

आहेराच्या वहीचं एक प्रकरण मधे झालं, ते थोडक्यात सांगतो. आईची १९७० पासूनची वही आहे. कोणी काय दिलं आणि आपण काय दिलं. ‘पातेलं, मध्यम’, ‘रु. ११’ वगैरे. इथे नुसती रेघ चालत नाही, बाण लागतो. आणि बाणांच्या ग्राफमध्ये तुम्ही ‘आमचे शेजारी सांग’ म्हटलं की यंत्र फक्त ज्यांच्याकडे आपले बाण गेले त्यांचीच नावं सांगतं. ज्यांचे बाण आपल्याकडे आले, त्यांच्याबद्दल वेगळं विचारावं लागतं. आपण दिलेलं तेवढं आपसूक आठवायचं आणि घेतलेलं विचारल्याशिवाय सांगायचं नाही, इतका मनुष्यस्वभाव त्या तिघांना कुठून कळला कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी यादी साफ करायची वेळ आली. आईनं नाती सांगताना हयात आणि गेलेले असा भेद केला नव्हता. तिच्या वयाला तो फारसा उरलेला नसतो. धाकटीनं प्रत्येक ठिपक्यावर खूण करून ठेवली होती. आता नकलेवर एक फेरी मारून कैलासवासी तेवढे काढून टाकायचे. तिनं मला आधी समजावलं, "बाबा, रेघ पुसली तर ठिपके जागच्या जागी राहतात. पण ठिपका पुसला की त्याच्या सगळ्या रेघा आपोआप जातात. आपल्याला वेगळं काही करावं लागत नाही."

"हो," आई म्हणाली, "असंच होतं."

एवढंच म्हणाली आणि सांबार घेऊन आत गेली. सांबार निवडून झालेलं होतं.

बापू, म्हणजे माझे वडील, २००६ मध्ये गेले. त्यांच्या ठिपक्याला सत्तावीस रेघा होत्या. धाकटीनं कळ दाबली, आणि क्षणात काम झालं. मग ती म्हणाली, "आता एक बघू. एकही रेघ नसलेले ठिपके कोणते." त्याला आयसोलेट्स म्हणतात. आमचा तो चुलतभाऊ त्यात येत नाही बरं का. स्वतःशी का होईना, त्याला रेघ आहे. फक्त स्वतःवर प्रेम करणारा माणूस सुद्धा रेघांच्या यादीतून पत्रिका मिळवतो. ज्याला तीही नाही तो मात्र कुठल्याच ओळीत सापडत नाही.

पडद्यावर तीन नावं आली. टेकडीचा गणपती. बाबा. नाना.

गणपतीचं समजू शकतो. त्याचं नातं सगळ्यांशीच, म्हणून कोणी लिहिलं नाही. पण बाबा? घरात कर्ता मी, लग्न माझ्या मुलीचं, पेन्शनीतून पैसा माझा, आणि मला एकही रेघ नाही? सौ. पदर तोंडाला लावून हसत होती. उलगडा असा झाला की आईनं सगळीकडे ‘बाळ’ असं सांगितलं होतं आणि सौ.नं ‘हे’. ‘बाळ’ला एक्केचाळीस रेघा होत्या, ‘हे’ला त्रेपन्न. पोरीसुद्धा ‘बाळाच्या मुली’ म्हणून ‘बाळ’लाच जोडलेल्या. ‘बाबा’ हा पहिल्या रात्री तपासायला टाकलेला ठिपका. त्याच्याकडे पुढे कोणाचं लक्षच गेलं नाही.

"आत्ता तिघांना एक करते," धाकटी म्हणाली, आणि केलंही. मी म्हटलं, घाई नाही.

राहिले नाना.

नाना हे बापूंचे बुद्धिबळातले सोबती. शाळेत मराठी शिकवायचे, लग्न केलं नाही, भाऊबंद कोणी नाही. आमच्याच रामदासपेठेत, दोन गल्ल्या सोडून राहतात. रामदासपेठेतले जुने बंगले एकेक करून दवाखाने आणि फ्लॅट झाले. नाना राहतात ते घर अजून तसंच आहे, दोन उंच इमारतींच्या मधे खोकल्यासारखं. बापू होते तोवर रोज संध्याकाळी साडेपाचला नाना आमच्या व्हरांड्यात असायचे. बापू गेल्यावर तेराव्याला आले, पान खाल्लं आणि गेले. पुढे आले नाहीत. त्यांना कोणी येऊ नका म्हटलं नव्हतं. पण येऊन बसायचं कोणाकडे?

मी ते जुनं रजिस्टर पुन्हा उघडलं. पान अकरा. ‘बापू – नाना (बुद्धिबळ)’. त्या ओळीवर पट्टी धरून मारलेली लाल रेघ होती. बापूंच्या नावाच्या सगळ्याच ओळींवर मी २००९ मध्ये तशी रेघ मारली होती, कारण पत्रिका द्यायला बापू नव्हते. आणि प्रत्येक रेघेशेजारी, ऑफिसच्या सवयीनं, माझी बारीक सही. बापूंच्या बाकी सव्वीस ओळींतली माणसं दुसऱ्या कुठल्या तरी ओळीत होती, म्हणून त्यांना पत्रिका गेल्या. काकांना तर तीन गेल्या. नाना त्या एकाच ओळीत होते.

मी रजिस्टर मिटलं. सौ.नं बघितलं होतं, पण ती काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की न बोलणंही ऐकू येतं.

पत्रिका छापून आल्या. पत्रिका वाटणं आणि पोस्टमननं टपाल वाटणं यांत फरक आहे. पोस्टमनला रस्तान्‌रस्ता चालावा लागतो. त्याचं काम रेघांवर. कमीत कमी चालून सगळे रस्ते कसे संपवावेत, यावर क्वान नावाच्या एका चिनी गणित्यानं १९६० मध्ये लिहिलं, म्हणून त्या कोड्याला चिनी पोस्टमनचं कोडं म्हणतात. आपलं काम ठिपक्यांवर. घरोघरी एकदा गेलं की झालं, मधला रस्ता कोणताही घ्या. धाकटीनं मला कागद काढून दिला. रामदासपेठ, धंतोली, बर्डी, धरमपेठ, मग महाल, शेवटी मनीषनगर. त्यात रामदासपेठेतली घरं बारा होती. पहिली पत्रिका टेकडीवर ठेवून आलो. दुसरी घेऊन, बाराच्या बारा पिशवीत टाकून, संध्याकाळी साडेपाचला नानांच्या फाटकाशी उभा राहिलो.

दार उघडायला बराच वेळ लागला.

"कोण पाहिजे?"

"नाना, मी. बापूंचा बाळ."

त्यांनी मला खालून वर पाहिलं. "बापूंच्या बाळला केस होते," म्हणाले. मग बाजूला झाले. "ये."

खोलीत एक खाट, पुस्तकं, आणि खिडकीशी तिपाईवर बुद्धिबळाचा पट. मोहरी मांडलेली. धूळ नव्हती. मी पत्रिका दिली. नाना खुर्चीत बसले, चष्मा पुसला, आणि श्रीगणेशायपासून छापखान्याच्या नावापर्यंत पत्रिका सबंध वाचली. माझ्या माहितीत लग्नाची पत्रिका पूर्ण वाचणारा हा एकमेव माणूस.

"‘आशीर्वाद’मधली ‘शी’ ऱ्हस्व छापली आहे," ते म्हणाले.

"चारशे छापून झाल्या, नाना."

"चारशे वेळा चुकली." पत्रिका त्यांनी घडीवर घडी घालून पाकिटात ठेवली. "थोरलीच्या वेळची मला मिळाली नाही. म्हटलं पोस्टात गहाळ झाली असेल."

मला चांगली सोय करून दिली होती त्यांनी. नुसती मान हलवायची होती. मी खिडकीकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं.

"पोस्टात टाकलीच नव्हती, नाना. यादीतून नाव माझ्याकडून राहिलं."

नाना थोडा वेळ गप्प राहिले. बाहेर कुठल्या तरी दवाखान्याच्या दारात गाडी मागे घेताना ती पिपाणी वाजते ना, ती वाजत होती.

"असं," ते म्हणाले. "म्हणजे मी त्या पोस्टमनशी इतकी वर्षं उगीच बोलत नाही."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "खेळतोस?"

"नाही येत, नाना."

"बापूंचा मुलगा, आणि खेळता येत नाही?"

"ते तुमच्याशी खेळायचे. आम्हांला कुठे बसू द्यायचे?"

यावर ते पहिल्यांदा हसले. तिपाई मधे ओढली. मी पिशवी खाली ठेवली, पाच मिनिटांसाठी. पाढरी मला दिली. प्यादं सरळ चालतं आणि तिरकं मारतं, हत्ती सरळ, उंट तिरपा. पहिला डाव अठराव्या खेळीला संपला असं ते म्हणाले. मी मोजत नव्हतो. दुसरा त्याच्याही आधी. तिसऱ्याच्या मधे फोन वाजला.

"कुठे आहात?" सौ. विचारत होती. "अजून अकरा घरं राहिली आहेत रामदासपेठेतली. सात वाजले."

"नानांकडे."

पलीकडे जरा शांत झालं. मग म्हणाली, "जेवायलाच घेऊन या त्यांना. सासूबाई विचारताहेत, वडी आत्ताच तळायची की थांबायचं."

मी नानांना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. माझा वजीर उचलून पटाबाहेर ठेवला आणि म्हणाले, "घोडा अडीच घरं जातो. मघाशीच सांगितलं होतं."